वार आहे, तारीख आहे, साल नाही

अ‍ॅमस्टरडॅममध्ये आउडेमानहाउसपोर्ट नावाचा एक बोळ आहे. उच्चार करताना जीभ अडखळते, पण अर्थ साधा आहे : 'म्हाताऱ्यांच्या घराचं दार'. दोन कालव्यांच्या मधला हा बोळ वरून झाकलेला आहे, आणि एका बाजूच्या भिंतीत जुन्या पुस्तकांचे गाळे आहेत. २०२३ च्या हिवाळ्यात एका शनिवारी पाऊस चुकवायला मी तिथे शिरलो. (इथे पाऊस चुकवायलाच माणूस कुठेतरी शिरतो. माझं निम्मं वाचन पावसाच्या कृपेने झालेलं आहे.) एका गाळ्यासमोर 'प्रत्येकी १ युरो' असं लिहिलेलं खोकं होतं. चाळता चाळता त्यात एक पिवळा पडलेला चार पानी कागद हाती लागला. कुठल्यातरी फ्रेंच प्रहसनाच्या डच प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका. वर नाटकाचं नाव, खाली पात्रांची यादी, मागच्या पानावर रेडिओची जाहिरात. आणि तारीख - मंगळवार, १४ फेब्रुवारी. बस्स. साल नाही.

एक युरो देऊन मी तो कागद घेतला. का घेतला, ते तेव्हा मला नीटसं सांगता आलं नसतं. मी काही नाटकवाला नाही. इथल्या विद्यापीठात कंपनांच्या मोजमापावर डॉक्टरेट केली आणि आता पोटासाठीही तेच करतो. नाटकाचा माझा संबंध म्हणाल तर तो आजोबांपुरता, आणि त्या संबंधात मी केलेला एक गाढवपणा आहे. तो पुढे सांगतोच.

आधी हा बोळ. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की नावातली ती म्हातारी माणसं खरंच तिथे राहत, आणि त्यांच्या जेवणाचा काही खर्च नाटकाच्या तिकिटांतून निघत असे! म्हणजे जिथे मी नाटकाचा कागद विकत घेतला, ती जागाच एके काळी नाटकाच्या गल्ल्यावर पोसलेली होती.

त्याचं असं झालं. अ‍ॅमस्टरडॅमचं पहिलं दगडविटांचं नाट्यगृह, 'स्काउबुर्ख', कायझर्सग्राख्ट नावाच्या कालव्यावर उभं राहिलं. ३ जानेवारी १६३८ रोजी फोंडेलच्या 'हेइस्ब्रेख्त फान आम्स्टेल' ह्या नाटकाने ते उघडलं. खरं तर नाताळातच उघडायचं होतं, पण नाटकात कॅथलिक पंथाचा वास येतो म्हणून प्रॉटेस्टंट पाद्र्यांनी हरकत घेतली आणि आठवडाभर उशीर झाला. आपल्याकडे तेव्हा शिवाजीराजे सातआठ वर्षांचे होते. पाद्र्यांचा नाटकावर राग होता तो होताच. अशा गावात नाटक चालवायचं तर त्याला काहीतरी पुण्याची बाजू हवी. म्हणून नफा शहरातल्या अनाथालयाला आणि वृद्धाश्रमाला जायचा. अनाथ मुलांच्या तोंडचा घास काढा असं पाद्री तरी कसं म्हणणार?

पण दानाच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून कुठल्या दिवशी कुठलं नाटक झालं, गल्ला किती जमला, नटांना, वादकांना, सुताराला किती दिले, ते सगळं वहीत उतरलं. ११ मे १७७२ रोजी चालू प्रयोगात स्काउबुर्खला आग लागली. अठरा माणसं गेली, पडदे-पोशाख-यंत्रं सगळं जळालं. त्या जागी आता हॉटेल आहे, प्रवेशाची कमान तेवढी जुनी राहिली आहे. १७७४ साली लाइट्सप्लाइन चौकात नवं नाट्यगृह बांधलं, ते १८९० साली जळालं. तिथेच १८९४ साली तिसरं बांधलं, ते अजून उभं आहे. पण अनाथालयाच्या हिशेबांबरोबर राहिलेल्या वह्या वाचल्या, त्या आज शहराच्या अभिलेखागारात आहेत. त्यांच्यावरून अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 'ऑनस्टेज' नावाची एक माहितीसूची बनवली आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमुक दिवशी कुठलं नाटक झालं आणि किती गिल्डर जमले, हे तुम्ही मिरजेत बसून बघू शकता. मी एकदा रात्री बघत बसलो तो दीड वाजला.

नाटकवाल्यांनी नाटकाचा कागद जपला नाही, हिशेब मागणाऱ्यांनी जपला. ह्यात नाटकवाल्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. ज्याचं लक्ष उद्याच्या प्रयोगावर, तो कालच्या प्रयोगाचा कागद का सांभाळेल? छापील पत्रिकेचं तर बोलायलाच नको. ती छापतात संध्याकाळपुरती. प्रेक्षक तिने वारा घेतो, शेंगांची टरफलं टाकतो, आणि निघताना खुर्चीखाली सोडतो. आणि साल छापत नाहीत ते त्याचमुळे. येत्या मंगळवारी नाटक आहे, हे सांगायला साल कशाला हवं? आपण तरी दुकानाच्या दारावर 'आज बंद आहे' लिहिताना साल घालतो का?

आता त्या माझ्या पत्रिकेचं साल. आमच्या धंद्यात मोजमापाच्या फायलीवर तारीख नसेल तर ती फाइल मेली असं समजतात (तरीही माझ्या कॉम्प्युटरवर 'फायनल_नवी_२' नावाच्या सात फायली आहेत, ते असो). पण इथे वार आणि तारीख दोन्ही होत्या, आणि ती जोडी एकत्र असली की बरंच काही कळतं. १४ फेब्रुवारीला मंगळवार दरवर्षी येत नाही. कधी पाच वर्षांनी येतो, कधी सहा, कधी अकरा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो आला १९०५, १९११, १९२२, १९२८, १९३३, १९३९ आणि १९५० साली. सातच उमेदवार!

त्यात शुद्धलेखन मदतीला आलं. डचमध्ये नाटकाला 'टोनेल' म्हणतात. पूर्वी ह्या शब्दात दोन 'ओ' लिहीत, आता एकच लिहितात. हा बदल १९३४ साली शाळांतून सुरू झाला आणि १९४७ साली कायद्याने पक्का झाला. माझ्या पत्रिकेत दोन 'ओ' होते. म्हणजे १९५० बाद. मागच्या पानावर घरगुती रेडिओची जाहिरात, म्हणजे १९२२ पर्यंतची सगळीच बाद. उरली तीन. मग इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'डेल्फर' नावाच्या संकेतस्थळावर जुन्या वर्तमानपत्रांची कोट्यवधी पानं शोधता येतात, तिथे तिन्ही वर्षांचे फेब्रुवारीतले अंक काढले. १९३३ च्या अंकात नाटकाची जाहिरात निघाली. मला इतका आनंद झाला की मी उठून चहा केला.

मराठी वाचकाला ह्यातली शुद्धलेखनाची युक्ती लगेच पटेल. आपल्याकडे १९६२ साली नवे लेखननियम आले आणि 'कांहीं', 'नाहीं' ह्यांच्या डोक्यावरचे अनुस्वार उतरले. जुन्या मराठी छापील कागदावर असे अनुस्वार दिसले तर तो बहुधा त्याच्या आधीचा. 'बहुधा' अशासाठी, की छापखान्यातला खिळे जुळवणारा माणूस सरकारी नियमाने एका रात्रीत बदलत नाही. शिवाय १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर कागद त्याच्या अलीकडचा नाही. ही दुसरी खूण जास्त भरवशाची, कारण पैशाच्या बाबतीत माणसं नियम लवकर शिकतात.

हा चाळा मी करत बसलो असतो आणि विसरलो असतो. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आईचा फोन आला. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं होतं. ८ ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, तयारी झालेली होती. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून पूर्ण केलेलं, पूर्वीचं पॅलेस थिएटर. मिरजेहून आजोबा तिथे नाटकाला जायचे. आई लग्न होऊन आल्यावर पहिलं नाटक तिथेच बघितलं, तेही आजोबांनीच दाखवलं. ती फोनवर बराच वेळ बोलली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "मामंजींची ट्रंक आहे रे माळ्यावर. रिकामीच आहे, पण आहे."

रिकामी आहे, कारण ती मी रिकामी केली. हाच तो गाढवपणा.

आजोबा रेल्वेत होते. १९५१ साली हुबळीहून बदली होऊन मिरजेला आले ते मिरजेचेच झाले. नाटकाचं वेड होतं. त्या काळी नाटकाच्या दिवशी टांगा फिरायचा, आत बसलेला माणूस ओरडून नाटकाचं नाव सांगायचा आणि हँडबिलं उधळायचा. पोरं मागे धावायची. आजोबा मोठेपणीही धावायचे, अशी घरातली थट्टा होती. ती पातळ रंगीत हँडबिलं ते ट्रंकेत ठेवत, मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन ओळी लिहीत. ते गेल्यावर पुढच्या दिवाळीत, २००५ साली, घराला रंग काढायचा होता. मी बारावीत. माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे. वर्तमानपत्रं, रेल्वेची जुनी टाइमटेबलं, आणि ट्रंकेतला तो गठ्ठा, सगळं एकत्र बांधून रद्दीवाल्याच्या तराजूत घातलं. साडेचार किलो. त्या पैशांत मित्राबरोबर वडापाव खाल्ले. कुणी मला अडवलं नाही, कुणी रागावलंही नाही. कागद होते, रद्दीत गेले.

फोननंतर आईने ट्रंक खाली काढून घेतली. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते उचललं तर खाली अकरा हँडबिलं सपाट बसलेली. मला तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले आणि विचारलं, "ह्याचं काय करायचं? शेजारचे म्हणतात लॅमिनेट करून घ्या."

लॅमिनेशन वाईट हे मला कुठूनतरी ऐकून माहीत होतं, पण का, आणि मग करायचं काय, ते माहीत नव्हतं. म्हणून एका शुक्रवारी रजा काढून अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. विद्यापीठाच्या जुन्या संग्रहांची 'अलार्ड पीर्सन' नावाची संस्था आहे, तिथे नेदरलँड्सच्या नाटकाचा मोठा संग्रह आहे : पत्रिका, भित्तिपत्रकं, छायाचित्रं, पोशाख, नेपथ्याचे छोटे नमुने, बाहुल्या. आधी कळवलं की काही काही गोष्टी वाचन कक्षात बसून बघता येतात. पिशवी बाहेर ठेवायची, पेन बंद, फक्त पेन्सिल. मला वाटलं होतं पांढरे हातमोजे देतील, सिनेमात असतात तसे. तिथल्या बाई हसल्या. कागदाला हातमोजे नको, म्हणाल्या, बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि फाटतो. हात धुऊन, कोरडे करून या.

ह्या संग्रहाची स्वतःची कथाही नाटकी आहे. १९२० च्या दशकात नाटकप्रेमी मंडळींनी संग्रहालयासाठी संस्था काढली. तिच्यातून पुढे वाढत जाऊन १९९३ साली 'थिएटर इन्स्टिट्यूट नेदरलँड' झाली. हेरेनग्राख्ट कालव्यावरच्या एका देखण्या घरात तिचं संग्रहालय होतं. मग २०११ साली इथल्या सरकारने कलांच्या अनुदानात वर्षाला सुमारे २० कोटी युरोंची कपात जाहीर केली. कलावंतांनी रॉटरडॅमहून हेगला पायी मोर्चा काढला. उपयोग झाला नाही. २०१२ संपलं आणि त्याबरोबर इन्स्टिट्यूटही संपली. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एक, आणि नाटकाची आठवण ठेवणारी त्यांची संस्था दीड वर्षात बंद! संग्रह विद्यापीठाने घेतला म्हणून वाचला.

मी ह्या गोष्टीवर बराच विचार केला आहे. विद्यापीठाला तो घेता आला ह्याचं एक मोठं कारण मला असं दिसतं की त्याच्या याद्या होत्या. कुठल्या खोक्यात काय आहे हे सांगता आलं तर खोकं उचलून दुसऱ्याच्या हवाली करता येतं. 'माळ्यावर बरंच काहीतरी आहे' हे कुणाच्या हवाली करता येत नाही. ते रद्दीवाल्याच्याच हवाली होतं.

पण यादी करायची म्हणजे आधी लावायचं, आणि लावायचं कसं हा ह्या विषयातला खरा भांडणाचा मुद्दा आहे. एक पत्रिका घ्या. ती नाटकाच्या नावाखाली लावायची, नाट्यगृहाच्या, कंपनीच्या, की तारखेच्या? संशोधकाला नाटकाचं नाव हवं असतं, नटाच्या नातवाला आजोबांचं नाव हवं असतं. कॉम्प्युटर आल्यावर हा प्रश्न सुटला असं आम्हा इंजिनियरांना वाटतं. सगळी माहिती सूचीत भरा, हवं तसं शोधा. पण कागद स्वतः एकाच खोक्यात बसतो. त्याला तर कुठलीतरी एकच जागा द्यावी लागते.

ह्यावर जगाला धडा दिला तो डचांनीच. १८९८ साली म्युलर, फाइट आणि फ्राउन ह्या तीन अभिलेखपालांनी कागदपत्रं कशी लावावीत ह्याचं एक पुस्तक लिहिलं. शंभर नियम, प्रत्येकाखाली स्पष्टीकरण. वाचायला जगातलं सगळ्यात रुक्ष पुस्तक असेल, पण अनेक भाषांत गेलं आणि अभिलेखशास्त्राचा पाया ठरलं. त्याचं मुख्य म्हणणं असं : एखाद्या कचेरीचे कागद ज्या क्रमाने तिच्या कामातून साठले, तो क्रम मोडू नका. विषयवार लावायच्या मोहात पडू नका. कारण शेजारच्या कागदामुळे कागदाचा अर्थ कळतो.

त्यांच्या मनात नगरपालिका आणि न्यायालयं होती, नाटकाच्या पत्रिका नव्हत्या. पत्रिकांचे संग्रह बहुतेक हौशी लोकांकडून येतात. कुणी वहीत चिकटवलेल्या असतात, शेजारी तिकीट, सुकलेलं फूल. अशी वही फोडून पत्रिका नाटकवार लावली तर सूची पूर्ण होते आणि माणूस नाहीसा होतो. न फोडता ठेवली तर त्या वहीतलं एखादं दुर्मिळ पान कुणाला सापडत नाही. माझ्या एक युरोच्या पत्रिकेचंच बघा. कुणाच्या तरी वहीतून, ट्रंकेतून ती सुटली होती म्हणून तिचं साल शोधायला मला वर्तमानपत्रं धुंडाळावी लागली. वहीत असती तर मागच्या-पुढच्या पानांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आणि कधी कधी सालावर बरंच काही अवलंबून असतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'होलांडसे स्काउबुर्ख' नावाचं दुसरं एक नाट्यगृह होतं, १८९२ सालचं. हायर्मान्सचं कोळ्यांवरचं प्रसिद्ध नाटक १९०० च्या नाताळात पहिल्यांदा झालं ते इथेच. जर्मनांनी देश घेतल्यावर १९४१ साली ह्याचं नाव बदलून 'ज्यू नाट्यगृह' केलं. ज्यू कलावंतांनी फक्त इथे काम करायचं, आणि बघायला फक्त ज्यू प्रेक्षक. जुलै १९४२ मध्ये नाटकं बंद करून ह्याच इमारतीत ज्यूंना गोळा करून डांबायला सुरुवात झाली. इथून वेस्टरबोर्कची छावणी, तिथून आउशविट्झ आणि सोबिबोर. वेस्टरबोर्कच्या छावणीतही १९४३-४४ मध्ये कैदी कलावंतांनी गाण्याविनोदाचे कार्यक्रम बसवले, आणि त्यांच्याही पत्रिका छापल्या गेल्या. बर्लिनचे नामवंत विनोदी नट माक्स एर्लिख आणि संगीतकार विली रोझेन ह्यांची नावं त्यांत आहेत. दोघेही १९४४ साली आउशविट्झमध्ये मारले गेले. ह्या पत्रिका कुणीतरी ठेवल्या. 'मंगळवार, १४ तारीख' एवढंच लिहिलेल्या कागदावर साल १९३३ आहे, १९३९ आहे की १९४२, ह्याने पात्रांच्या यादीचा अर्थ बदलून जातो.

छापील पत्रिका म्हणजे पुरावा, असंही मात्र समजू नये. पत्रिका प्रयोगाच्या आधी छापतात. नटाचा घसा बसतो, पाऊस पडतो, प्रयोग रद्द होतो, पत्रिका राहते. म्हणून स्काउबुर्खच्या हिशेबाच्या वह्यांना इतकी किंमत. गल्ला लिहिला आहे म्हणजे प्रयोग झाला. पत्रिका सांगते काय होणार होतं, वही सांगते काय झालं.

आता कागदाविषयी, कारण आईचा प्रश्न तो होता. गंमत अशी की १६३८ चा कागद १९३३ च्या कागदापेक्षा धडधाकट असतो. जुना कागद चिंध्यांचा. इथल्या पवनचक्क्या चिंध्या कुटून लगदा करत. वेस्टझान गावात 'शाळामास्तर' नावाची १६९२ सालची चक्की अजून कागद करते, मी बघून आलो आहे. हा लगदा करणारं जे यंत्र डचांनी बनवलं त्याला जगभर 'हॉलंडर'च म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाचा लगदा आला. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. पिवळा पडतो, घडीवर तुटतो. नेदरलँड्सने १९९७ पासून देशभर एक मोहीमच चालवली आहे, नाशिवंत काळातला कागद वाचवायची. लॅमिनेट केलं की ते आम्ल आतच कोंडतं, वर उष्णतेचा मारा होतो, आणि प्लॅस्टिक पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टी तशीच वाईट. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या काढायच्या. इथल्या अभिलेखागारांना कसरीच्या एका भाईबंदाचा त्रास आहे, म्हणजे कीड काही आपल्याच माळ्यावर नसते. थंड, कोरडी, अंधारी आणि मुख्य म्हणजे सतत सारखी हवा हवी. ती इथे यंत्रांनी ठेवतात. मिरजेत एप्रिलमध्ये काय ठेवणार?

मी आईला सांगितलं : लॅमिनेशन नाही. माळ्यावर नाही, खालच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर. सपाट ठेव, घडी नको. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ, पोथी ठेवतात तसं. डांबराच्या गोळ्या कागदाला लावून ठेवू नकोस. दोन्ही बाजूंचे फोटो काढ, आणि मागे कोपऱ्यात पेन्सिलीने हलक्या हाताने १ ते ११ आकडे घाल.

फोटो आले. मी संध्याकाळभर बसून साल काढत होतो. एक 'एकच प्याला'चं होतं, सांगलीतल्या प्रयोगाचं. 'शनिवार ता. ५ नोव्हेंबर, रात्रौ ठीक ९॥ वाजतां'. पाच नोव्हेंबर म्हणजे आपला रंगभूमी दिन, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच 'सीतास्वयंवर' केलं तो दिवस. त्या दिवशी शनिवार येतो १९३८, १९४९, १९५५, १९६०, १९६६ ला. 'वाजतां'वर अनुस्वार. पिटाचं तिकीट बारा आणे, म्हणून १९६० आणि १९६६ बाद. उरली तीन, आणि आजोबा मिरजेला आले १९५१ साली. म्हणून १९५५. हे शेवटचं गणित त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ट्रंक कुणाची आहे हे माहीत होतं म्हणून ते सुटलं. तेच हँडबिल आउडेमानहाउसपोर्टच्या खोक्यात असतं तर तीन सालांत लटकत राहिलं असतं.

मोठ्या ऐटीत आईला फोन लावला. "एक नंबरचं हँडबिल पंचावन्न सालचं आहे."

"एक नंबर कुठलं? 'एकच प्याला' ना? ते पंचावन्नचंच," ती म्हणाली. "मागे काय लिहिलंय वाचलंस का? 'सौ. सह. परतताना गाडी चुकली.' सासूबाई सांगायच्या की ती गोष्ट. तुझे बाबा तेव्हा सहा महिन्यांचे, शेजारी ठेवून गेल्या होत्या, आणि रात्रभर सांगलीच्या स्टेशनवर बसून रडल्या."

तिने आकडे घातले होते, पण तारखेप्रमाणे नाही आणि नाटकाप्रमाणेही नाही. 'सौ. सह' लिहिलेली चार आधी. मग 'एकटा' लिहिलेली पाच. मग ज्यांच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं ती दोन. मी काही बोललो नाही. आकडे पेन्सिलीचे आहेत, पण तेच राहू देत म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "त्या रद्दीत साधारण किती असतील रे?"

असलं एक हँडबिल दोन-तीन ग्रॅमचं. पण साडेचार किलोंत टाइमटेबलं किती आणि वर्तमानपत्रं किती, ते कुणी वेगळं तोललं नव्हतं. मी आकडा मांडायला लागलो, तेवढ्यात ती म्हणाली की राहू दे, कुकर झालाय.